बारा वायसर घेऊन युगांडाला

निघण्याआधी

जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात मी 31 वर्षं काढली. जालना, बदनापूर, अंबड या पट्ट्यात मी ज्याचं डोकं उघडलं नाही असा हापसा शोधावाच लागेल. त्यामुळे युगांडात बोअर घ्यायला जाणाऱ्या गटाची यादी आमच्या चर्चमध्ये वाचली गेली तेव्हा पाळकसाहेबांनी मला न विचारताच माझं नाव घातलेलं होतं. घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आपला नळ आठ-आठ दिवस येत नाही, आणि तुम्ही निघालात आफ्रिकेला पाणी पाजायला." याला उत्तर नव्हतं. गुपचूप पासपोर्टच्या कामाला लागलो.

एकूण अकरा जण. जालन्याचे पाच, संभाजीनगर आणि अहिल्यानगरचे मिळून चार, पुण्याची दोन कॉम्प्युटरवाली पोरं. वयाने सगळ्यांत मोठा मीच. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, कारण तिचं पिवळं कार्ड नसेल तर युगांडा आत घेत नाही आणि परतताना आपला देशही अडवून ठेवतो. बाकीच्यांच्या बॅगांत पोरांसाठी रंगीत खडू, फुगे, पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची चित्रं. माझ्या बॅगेत दोन पाइप पाने, एक साखळी पाना, रॉड धरायचा क्लॅम्प, ग्रीसचा डबा, टाळांची जोडी आणि जुन्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून घेतलेले बारा बकेट वायसर, म्हणजे हापशाच्या आतल्या, पाणी उचलणाऱ्या दट्ट्यावर बसतात त्या वाटीसारख्या चकत्या. वायसर का घेतले, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. खिशात वायसर नसला की मला चुकल्यासारखं वाटतं, इतकंच.

दिवस पहिला, बुधवार

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून एंटेबी. विमान व्हिक्टोरिया सरोवरावर खाली आलं तेव्हा पाणी संपेचना. इतकं पाणी खाली दिसत असताना आपण इथे बोअर कशाला घ्यायला आलोय, असं पुण्याच्या एका पोराने विचारलं. जायकवाडी भरलेली असताना जालन्यात टँकर का येतात, ते त्याला विचारावंसं वाटलं. पण प्रवास लांबचा होता, पहिल्याच दिवशी कशाला वाद.

कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडायला लावली. पाने बाजूला केले, वायसरची पिशवी वर धरली. मी आपलं मोडकं इंग्रजी जुळवत होतो तेवढ्यात तोच म्हणाला, "बोअरहोल?" मी मान हलवली. त्याने पिशवी परत ठेवली, चेन लावली आणि जा म्हणाला. त्या देशात हापशालाही बोअरहोलच म्हणतात, आणि हा शब्द शेंबड्या पोरालाही येतो.

दिवस दुसरा, गुरुवार

कंपाला ते कुमी, अडीचशेहून जास्त किलोमीटर. कंपाला सोडलं की माबिराचं जंगल लागतं. त्याच्या अलीकडे गाडी थांबली रे थांबली की पंधरा-वीस पोरं काडीला लावलेली भाजलेली कोंबडी आणि भाजकी केळी घेऊन खिडक्यांवर तुटून पडतात. थेट आपला एसटी स्टँड. फक्त वडापाव नाही.

जिंजाला नाईल सुरू होते तिथे उतरलो. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग 1948 मध्ये इथेही विसर्जित केला होता. गावात जुन्या पेढ्यांच्या कपाळावर अजून गुजराती आडनावं कोरलेली दिसतात. इदी अमीनने 1972 मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन इथल्या आशियाई लोकांना हाकललं, त्यांच्या ह्या खुणा. माणसं गेली तरी चपाती मात्र राहिली. रस्तोरस्ती तव्यावर चपाती भाजून त्यात अंड्याचं ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला म्हणतात 'रोलेक्स'. मी दोन खाल्ली. चपाती आमच्या घरच्यापेक्षा जाड, पण पोळी म्हणून पास.

टिरिन्यीच्या रस्त्याला दलदलीतली भातशेती, मग म्बाले, उजवीकडे एल्गनचा डोंगर, आणि त्यापुढे जमीन सपाट होत गेली. लाल मुरूम, आंब्याची झाडं, मधूनच एखादा मोठाच्या मोठा उघडा खडक. हा तेसो लोकांचा मुलूख. उतरल्यावर यजमान मंडळींनी हात पुढे करून म्हटलं, "योगा!" आमच्यातल्या एका ताईंना वाटलं, सकाळच्या व्यायामाचं विचारताहेत. नंतर कळलं, आतेसो भाषेत तो नमस्कार आहे. पुढचे आठ दिवस आम्ही भेटेल त्याला योगा-योगा करत होतो. आभार मानायचे तर 'एयालामा', पाण्याला 'आकिपी'. एवढ्या तीन शब्दांवर माझं सगळं निभावलं.

दिवस तिसरा, शुक्रवार

गाव कुमी आणि ङोराच्या मधलं. गाव म्हणजे आपल्यासारखी एकाला एक लागून घरं नव्हेत. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या शेताशेतांत विखुरलेल्या. पाणी दलदलीच्या कडेला खणलेल्या खड्ड्यातून आणतात. आम्ही गेलो तेव्हा कोरडा मोसम अर्धा सरला होता. खड्ड्याच्या एका कडेला गुरं, दुसऱ्या कडेला एक सात-आठ वर्षांची मुलगी वाडग्याने पाणी घेऊन पिवळ्या कॅनमध्ये ओतत होती. खाद्यतेलाचे वीस लिटरचे पिवळे कॅन, तिथे प्रत्येक घरात तेच. भरला की वीस किलो. पोरीचं स्वतःचं वजन तेवढंच असेल.

जमिनीचा तरुण जाणकार आदल्या दिवशीच येऊन गेला होता. लोखंडी चार सळया रेषेत ठोकून, बाहेरच्या दोनांतून वीज सोडून आतल्या दोनांत मोजायची. सळयांमधलं अंतर वाढवत गेलं की खोलवरचा अंदाज येतो. आपल्याकडे नारळ उभा राहतो तो पाणाड्याच्या तळहातावर, इथे काटा हलतो मीटरवर. मी दोन्ही पाहिलेत. मीटर जास्त वेळा बरोबर येतो, पण चुकतो तेव्हा नारळासारखाच चुकतो. त्याने दोन जागा दाखवल्या होत्या, पहिल्या पसंतीची आणि दुसरी.

जागा पाहून परतताना प्राथमिक शाळेमागे मला तो दिसला.

लांबूनच ओळखला. तिपायी लोखंडी पाया, त्यावर पाण्याची टाकी, त्यावर चौकोनी डोकं, पुढे बोल्टचं झाकण, आणि मागे लांब भरीव दांडा. दांडा आभाळाकडे. दांड्यावर शेळीचं दावं बांधलेलं. मी झाकणावरची धूळ पुसली आणि खरं सांगतो, गावाकडचा माणूस परक्या स्टँडवर भेटावा तसं झालं. यांच्याकडे याला यू-टू म्हणतात. पण तो आमचा इंडिया मार्क टू आहे, युगांडात थोडा बदलून घेतलेला. आणि इंडिया मार्क टू म्हणजे, सरळच सांगतो, आमच्या जालन्याचा नातू.

हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या गटातल्या जालन्याच्या बाकी चौघांनाही नव्हतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. जालन्याला स्कॉटलंडच्या मिशनचं काम जुनं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याशेजारी बेथेल गाव वसवलं, ते एकोणिसाव्या शतकात. साठच्या दशकात खडक फोडणारी यंत्रं आली आणि मिशनने खेड्यापाड्यांत बोअर घ्यायला सुरुवात केली. बोअर झाले, पण वर बसवायला होते ते बिडाचे पंप, परदेशातल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेल्या पंपांची नक्कल. आपल्याकडे एका पंपावर सबंध गाव सकाळपासून रात्रीपर्यंत. बीड तडकायचं, दांडा मोडायचा, खिळ निसटायची. म्हणून जालन्याच्या लोकांनी पोलादाचा हापसा घडवला, तो 'जालना पंप'. सोलापुरात तिथल्या मिशनच्या माणसांच्या हातून तो आणखी सुधारला, तो 'सोलापूर पंप'. त्या सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने इंडिया मार्क टू उभा केला, आणि पुढे तो लाखांनी बनून जगभर गेला. माझे वडील मिशनच्या बोअरच्या गाडीवर हेल्पर होते. ते शेवटपर्यंत सरकारी हापशालाही 'मिशनचा हापसा' म्हणायचे. आम्ही त्यांना हसायचो.

यात अक्कल कुठे आहे ते दाखवतो. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा तुकडा असतो, त्यावरून साखळी. खालचा रॉड साखळीला टांगलेला. दांडा दाबला की साखळी कमानीवरून सरकते, रॉड सरळ उभा वर येतो, वाकडा ओढला जात नाही. बेअरिंग बंद डब्यात. दांडाच इतका भरीव की खालच्या रॉडच्या वजनाला तोल मिळतो, दहा वर्षांची पोर हापसू शकते. बिडाच्या पंपात यातलं काहीच नव्हतं.

शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, बंद पडून तीन वर्षं झाली. कुणी बसवला? एका संस्थेने. मग? संस्था पुन्हा आली नाही. मी दांडा हलवून पाहिला. जड होता, म्हणजे रॉड जागेवर होते, खाली दट्ट्याही होता. म्हणजे नुसता वायसर. बहुधा नुसता वायसर.

पाळकसाहेबांना म्हटलं, आपण हा खोलू. ते म्हणाले, दादा, लोकांनी देणगी नव्या विहिरीसाठी दिलीय.

दिवस चौथा, शनिवार

यंत्र ट्रकवर चढवलेलं, भारतीय बनावटीचं, मागे कंप्रेसरची वेगळी गाडी. आपल्याकडे बोअरच्या गाड्या तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून येतात आणि त्यांची पोरं आपसात तमिळ बोलतात. इथली पोरं आपसात आतेसो बोलत होती, बाकी कानातले कापसाचे बोळे, डिझेलने काळे झालेले हात आणि ओरडून बोलायची सवय अगदी तीच. यंत्राचा म्होरक्या तिशीतला. त्याने आम्हा अकरा जणांकडे पाहिलं, दोरी टाकून एक रेघ आखली आणि सांगितलं, रेघेच्या आत यायचं नाही. पाणी शोधायला समुद्र ओलांडून आलेली आमची फौज दिवसभर त्या रेघेबाहेर उभी होती.

आधी लाल मुरूम, मग चिकण माती, मग पांढरट भुसभुशीत. एकेका मीटरचा चुरा म्होरक्याचा पोऱ्या पोत्यावर ओळीने ढीग करून मांडत होता. आमच्याकडे काळा पाषाण, मध्ये कुठे लाल गेरूचा थर. इथला चुरा गुलाबी-पांढरा, त्यात अभ्रकाचे कण उन्हात चमकत होते. मी मूठभर घेऊन रुमालात बांधला. 30 मीटरला ओलसर झाला. सगळे उठून उभे राहिले. मग पुन्हा कोरडा. 50, 60. पीठ नुसतं. पांढऱ्या धुरळ्याने आंब्याचं झाड, बायका, पोरं, आम्ही सगळे एकाच रंगाचे झालो. 72 मीटरला म्होरक्याने हात वर करून कंप्रेसर बंद केला.

असा आवाज बंद झाल्यावरची शांतता मला चांगली ठाऊक आहे. घनसावंगीकडे शेतकऱ्याचं तोंड त्या वेळी पाहवत नाही, कारण पैसे त्याचे असतात. इथे पैसे आमचे होते, तरी बायका एक शब्द न बोलता उठल्या आणि कॅन उचलून खड्ड्याकडे निघाल्या.

रात्री पुण्याच्या पोराने मोबाइलवर हिशोब केला. अकरा तिकिटं, व्हिसा, लस, राहणं-खाणं. त्याने आकडा वाचून दाखवला नाही, नुसता मोबाइल पाळकसाहेबांपुढे धरला. साहेबांनी चष्मा लावून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "प्रार्थना करू या." त्या दिवशी मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

दिवस पाचवा, रविवार

उपासना साडेतीन तास. विटांच्या भिंती, पत्रे, बाकं कमी, माणसं दुप्पट. एडेके म्हणजे देव, हा शब्द गाण्यागणिक यायचा, त्यामुळे कुठे आहोत ते कळत होतं. आम्हाला काहीतरी गायला सांगितलं. मी टाळ काढले. आमच्याकडे ख्रिस्ती भजनही टाळ-मृदंगावर चालतं हे तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या ढोलवाल्याने आमचा ठेका उचलला, तिसऱ्याला बायका उठून नाचायला लागल्या. आमचे पाळकसाहेब शिस्तीचे, पण पाय त्यांचाही हलत होता, मी पाहिलं.

तिथल्या पाळकांनी उत्पत्तीचा 26 वा अध्याय घेतला. अब्राहामाच्या हयातीत खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या, त्या इसहाकाने पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली जुनी नावंच त्यांना ठेवली. आदल्या दिवसाच्या कोरड्या बोअरबद्दल अवाक्षर नाही. मी हळूच आमच्या साहेबांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते.

जेवायला आतापा. नाचणी आणि कसावाच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा तोडून चवळीच्या पाल्याच्या भाजीत बुडवायची. भाजीत शेंगदाण्याचं वाटण. अहिल्यानगरच्या ताई म्हणाल्या, ही तर आमच्या आज्जीची नाचणीची उकड. खरं तर नाचणी मूळची त्यांचीच, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. म्हणजे ताईंच्या आज्जीनेच उचललेली. त्याच नाचणीची ते आजोन नावाची दारूही करतात, मधे मडकं ठेवून भोवती बसून लांब नळ्यांनी ओढतात. ती लांबूनच पाहिली.

दुपारी मुकुराला नेलं. रेल्वे स्टेशन. बंडाच्या काळात, जुलै 1989 मध्ये, सैनिकांनी बंडखोर समजून धरलेल्या माणसांना इथे एका मालडब्यात कोंडलं आणि 69 जण गुदमरून मेले. आमच्या ड्रायव्हरने गाडीतून उतरून टोपी काढली आणि परत बसला. कुणी फोटो काढले नाहीत, पुण्याच्या पोरांनीही नाही.

दिवस सहावा, सोमवार

देव कधी कधी कंप्रेसरचा पाइप फाडून काम करतो. यंत्राचा हवेचा होज गेला, नवा म्बालेहून यायचा होता, दिवस रिकामा. पाळकसाहेब स्वतःहून माझ्याकडे आले. "दादा, तुमची ती शाळेमागची..." पुढचं मी ऐकलंच नाही, बॅग उचलली.

पण त्यांचा पंप मी परस्पर खोलणं बरं नव्हे. मुख्याध्यापकांनी निरोप धाडला आणि अकराच्या सुमारास सायकलवरून त्या भागाची हापसा मेकॅनिक आली. बाई. चाळिशीची, पायात गमबूट, कॅरिअरला पान्यांची पेटी रबराच्या पट्टीने बांधलेली. ती मला 'पापा' म्हणाली, म्हणजे बाबा. मी तिला 'टोटो' म्हणालो, म्हणजे आई. माझ्या मुलीच्या वयाची, पण तिथे तीच रीत. तिने माझे पाने एकेक उचलून पाहिले. साखळी पाना जरा जास्त वेळ धरला.

मग काम. झाकणाचा बोल्ट, साखळी सोडवली, दांडा काढला, डोकं उतरवलं, टाकी उतरवली. पाइपाला क्लॅम्प. इथून पुढे माणसं लागतात, कारण खाली 12 पाइप, प्रत्येक तीन मीटरचा, त्यात पाणी आणि रॉड. सगळं मिळून दीडशे किलोच्या वर. आमची अकरा जणांची फौज पहिल्यांदा कामी आली. "हो... हिस्सा!" पुण्याची पोरं घामाघूम. क्लॅम्प आवळ, पाइप सोडव, रॉड सोडव, बाजूला ठेव, पुन्हा. टोटो इंग्रजीत ओरडत होती, मी मराठीत, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

तीन पाइप जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, गंजून चाळण झालेले. तिने एकाला अंगठ्याचं नख लावलं, तुकडाच निघाला. तिथल्या कित्येक ठिकाणचं पाणी जस्ताचा पाइप खातं. पाणी तांबूस येतं, कपड्यांना डाग पडतात, चहा शाईसारखा काळा होतो आणि बायका मग पुन्हा दलदलीकडे वळतात. म्हणून आता नवीन कामाला स्टेनलेस स्टीलचे पाइप घालतात. ते आमच्या नव्या बोअरसाठी आणलेले होते. त्यांतले दोन या हापशाला द्यायचे का, यावर आंब्याखाली अर्धा तास बैठक झाली. पाळकसाहेबांनी होकार दिला, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात सलाम केला. एक पाइप कमी पडला तरी चालणार होतं. पाणी 14 मीटरवर उभं होतं आणि सिलिंडर, म्हणजे ज्यात दट्ट्या खालीवर होतो ती नळी, 33 वर राहणार होतं.

शेवटी सिलिंडर वर आलं. टोटोने ते मांडीवर आडवं धरून उघडलं, दट्ट्या बाहेर काढला. त्यावरच्या वायसरची कडा बोटाच्या पेरावर चिकटून आली, ओल्या बिस्किटासारखी. तीन वर्षं एक शाळा आणि एक गाव एवढ्यावर थांबलं होतं. मी पिशवी काढली. जालन्याच्या दुकानातला वायसर दट्ट्यावर ठेवला, अंगठ्याने कडा दाबत फिरवला. बसला. हलका 'टप्' आवाज येतो बसताना, तो आला. तो बसणार हे मला माहीत होतं, मापच ते आहे, अडीच इंची. तरी हात थोडा कापला.

परत सगळं उतरवायला दुपारचे तीन वाजले. साखळीला ग्रीस लावलं, झाकण बसवलं. पहिला हापसा टोटोने मारावा असं मी म्हटलं, तिने शाळेतल्या एका पोरीला पुढे केलं. रिकाम्या पाइपात पाणी वर यायला वेळ लागतो, म्हणून मी आधीच सांगितलं होतं, पन्नास मोजा. पोरं इंग्रजीत मोजायला लागली. चाळीसला काही नाही. पंचेचाळीसला नळाने खोकल्यासारखं केलं. सत्तेचाळीसला आलं. आधी गंजाचं तांबडं, मग गढूळ, मग हळूहळू निवळ. शेळीचं दावं कुणीतरी सोडलं होतं, ती पहिल्यांदा येऊन प्यायली.

टोटोने विचारलं, "पापा, वायसर किती आणले होते?" बारा. "आणि माणसं?" अकरा. ती म्हणाली, "पुढच्या वेळी वायसर शंभर आणा. माणसं दोन पुरे." आणि इतकी मनापासून हसली की मलाही हसावं लागलं. पाळकसाहेबांना मी भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं.

दिवस सातवा, मंगळवार

होज आला. दुसरी जागा. 41 मीटरला चुरा चिखल झाला, 46 ला तपकिरी पाण्याचा फवारा मस्तूलाच्या वर गेला. म्होरक्याने 54 पर्यंत नेऊन थांबवलं. रेघेबिघेचं कुणाला भान राहिलं नाही. बायका, पोरं, आमच्या ताई, सगळ्या फवाऱ्याखाली. जिभेने 'उलूलू' काढायची त्यांची रीत आहे, ती अहिल्यानगरच्या ताईंना दोन मिनिटांत जमली. केसिंग उतरवून रात्रीपर्यंत हवा मारून बोअर धुतला.

पाण्याचा धबधबा पाहून भुलायचं नाही, मोजायचं. वीस लिटरचा कॅन 55 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी तेराशे लिटर. इंची पाण्याची भाषा इथे नाही, पण हापशाला हे पुष्कळ झालं.

दिवस आठवा आणि नववा

गोटा वाहिला. केसिंगच्या भोवती बारीक गोटा भरतात, वर चिकणमाती आणि सिमेंटचा बंद, म्हणजे वरचं घाण पाणी आत झिरपत नाही. पाठ धरली. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं नाही.

ओट्याचं काँक्रीट झाल्यावर एक वाद झाला. आमच्यातल्या एकांनी मंडळीच्या नावाची पाटी कोरायचं ठरवून आणलं होतं, अक्षरांचा साचासुद्धा बरोबर. गावाच्या पाणी समितीत कॅथलिक, चर्च ऑफ युगांडाचे, पेंटेकॉस्टल, आणि एक मुसलमान आजी, कोषाध्यक्ष तीच. आजीने शांतपणे विचारलं, या नावाने दुरुस्ती होते का? मग टोटोने खिळा घेतला आणि ओल्या सिमेंटमध्ये कोरलं: खोली 54, पाणी 16, तारीख. दहा वर्षांनी जो कुणी हे डोकं उघडेल त्याला हेच लागणार. साचा परत बॅगेत गेला.

हापसा आम्हाला बसवायला मिळाला नाही. काँक्रीट पक्कं व्हायला दिवस लागतात, पाण्याच्या तपासणीचा अहवालही यायचा होता. बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण घालून आम्ही निघालो. उद्घाटनाचा फोटो हवा होता ते खट्टू झाले.

दिवस दहावा, शुक्रवार

पहाटे निघायच्या आधी शाळेमागे चक्कर मारली. अंधारातच कॅनची रांग लागलेली, पिवळ्या ठिपक्यांची. दोन बायका जागेवरून भांडत होत्या. ते ऐकून बरं वाटलं; ज्या हापशावर भांडण नाही तो हापसा बंद आहे असं समजावं. टोटो आली होती. साखळी पाना तिच्याकडे दिला, उरलेले दहा वायसर दिले. एक मी परत आणला, खिशाला सवय म्हणून. तिने भाजलेल्या शेंगांची पिशवी दिली, ती आदिस अबाबापर्यंत संपली.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी नव्या हापशाचा फोटो आला, पाणी वाहतंय. मी पाळकसाहेबांना पाठवला, त्यांनी मंडळीत दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी टोटोकडून आठ सेकंदांचा आवाज आला, सोबत नुसतं प्रश्नचिन्ह. शाळेमागचा हापसा. 'कुईंऽ खट्, कुईंऽ खट्.' मी तीनदा ऐकला. बेअरिंग म्हणावं तर लय वेगळी असते. चौथ्यांदा लावला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "साखळी कोरडी पडलीय कुणाची तरी."